इलेक्ट्रिक पिकअप कामाला घ्यावा का? टोइंग (ट्रेलर ओढणं), चार्जिंग, खरे अनुभव सांगा

केटीकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. ट्रकवर मराठीत चर्चा कुठे सापडली नाही म्हणून धागा काढतोय. आम्ही केटी, टेक्सासला असतो, ह्यूस्टनच्या पश्चिमेला. मी आणि माझा मेहुणा मिळून कुंपणं आणि डेक बांधायचं काम करतो, आयटी सोडून आता पूर्णवेळ हेच. जुना गॅसवरचा (म्हणजे पेट्रोलचा, इथे पेट्रोलला गॅस म्हणतात) फोर्ड एफ-१५० पिकअप आहे, त्याचं ट्रान्समिशन कुरकुरायला लागलंय, यंदा बदलावाच लागणार.

रोजचं काम असं की सकाळी निघायचं, लाकूडवाल्याकडून माल उचलायचा, एक साइट, दुसरी साइट, संध्याकाळी घरी. साठ-सत्तर माइल होतात. आठवड्यातून दोन-तीनदा मागे सोळा फुटी उघडा ट्रेलर असतो, त्यात पिकेट (कुंपणाच्या फळ्या), खांब, काँक्रीटच्या गोण्या, भरला की सहज पाच हजार पाउंड. आणि अधूनमधून सॅन अँटोनिओला एका बिल्डरचं काम येतं, तिकडे ट्रेलर घेऊनच जावं लागतं, इथून साधारण १७० माइल एका बाजूला.

वापरलेला एफ-१५० लायटनिंग, म्हणजे त्याच ट्रकचा इलेक्ट्रिक अवतार, बघतोय, २०२३ चा, मोठ्या बॅटरीवाला. किमती चांगल्याच उतरल्यात. पण डिसेंबर २०२५ मधे फोर्डने पूर्ण इलेक्ट्रिक लायटनिंग बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि इंटरनेटवर अर्धे लोक म्हणतात टोइंगला बेकार, अर्धे म्हणतात याच्यासारखा ट्रक नाही. ज्यांनी खरंच ट्रेलर ओढलाय त्यांनी सांगा. घरी चार्जर कुठला, रस्त्यात चार्जिंग कसं, सगळंच विचारतोय.

गारठा
कॅलगरीहून. माझं मत सरळ सांगतो, ट्रेलर असेल तर डिझेल घ्या. आमच्याकडे उणे तीसला काम बंद पडत नाही.

गिअरबॉक्स
केटीकर, तुमचा प्रश्न चांगला आहे कारण तुम्ही माइल आणि वजन दोन्ही दिलंत, बरेचसे लोक नुसतं "टोइंग जमतं का" विचारतात. मी मिशिगनला असतो, गाड्यांच्या धंद्यातच आहे, तर थोडं सविस्तर लिहितो.

आधी ऊर्जेचा हिशोब. एका गॅलन गॅसमधे साधारण ३३.७ युनिट ऊर्जा असते (युनिट म्हणजे आपलं घरच्या मीटरवरचं युनिट, किलोवॉट-अवर). लायटनिंगच्या मोठ्या बॅटरीत वापरता येतात १३१ युनिट. भागून बघा, चार गॅलनसुद्धा पूर्ण होत नाहीत. आणि तेवढ्यावर तो रिकामा ट्रक सरकारी चाचणीत ३२० माइल जातो, हेच मुळात थक्क करणारं आहे. गॅसच्या इंजिनात बहुतांश ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते म्हणून त्याला छत्तीस गॅलनची टाकी लागते.

आता मागे ट्रेलर लावला की प्रत्येक माइलला लागणारं काम दुप्पट होतं, ते कुठल्याही ट्रकला होतं, गॅसच्या ट्रकचंही वीस माइलचं ॲव्हरेज दहावर येतं ते तुम्ही रोज बघत असालच. पण दहाच्या ॲव्हरेजने छत्तीस गॅलनमधे तो अजून ३६० माइल जातो आणि पाच मिनिटांत परत भरतो. इलेक्ट्रिकचे ३२० चे १४०-१५० होतात, आणि हायवेवर तुम्ही शंभरावरून शून्यावर जात नाही, फास्ट चार्जर ८० टक्क्यांनंतर मंदावतो म्हणून साधारण ८० ते १० टक्के यातच फिरता, म्हणजे दोन थांब्यांच्या मधे हातात शंभर माइल. १५ ते ८० टक्के व्हायला फोर्डच्या आकड्यानुसार ४१ मिनिटं, तीही मोठ्या क्षमतेचा चार्जर मोकळा आणि चालू मिळाला तर.

दुसरी गोष्ट जी लोकांना पटत नाही, वजन हा मुख्य शत्रू नाहीये. मुख्य शत्रू हवा आहे. वजन ओढताना चढावर जी ऊर्जा जाते तिच्यातली बरीचशी उतारावर मोटर परत बॅटरीत भरते. हवेला ढकलण्यात गेलेली परत येत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ७५ च्या ऐवजी ६० ने गेलात तर त्या भागातला खर्च एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. तुमचा उघडा, बुटका ट्रेलर लाकूड भरून ५००० पाउंडांचा असला तरी ३००० पाउंडांच्या उंच डबा ट्रेलरपेक्षा तो कमी खाईल.

आणि एक मनापासून सांगतो. जाहिरातीत "१०,००० पाउंड ओढतो" लिहिलं ते खोटं नाही, ओढतो, ७७५ पाउंड-फूट टॉर्क आहे, सिग्नलवरून ट्रेलरसकट निघतो तेव्हा मागे काही आहे हे जाणवतही नाही. पण तो आकडा ताकदीचा आहे, अंतराचा नाही. ओढतो किती हे मोठ्या अक्षरात छापलं आणि ओढून जातो किती लांब हे कुठेच छापलं नाही, आणि लोक चिडले ते ह्याच्यावर. माझ्या मते सगळं नुकसान तिथे झालं, ट्रक म्हणून त्यात काही खोट नव्हती. ज्याचा ट्रक रोज रात्री स्वतःच्या अंगणात येतो त्याच्यासाठी ही गाडी उत्तम आहे. ज्याचा ट्रक रोज रात्री वेगळ्या गावात असतो त्याने आत्ता तरी घेऊ नये.

ढोलताशा_फ्रीमाँट
गिअरबॉक्स दादा, हवेबद्दल +१०० 🙏 आमचं ढोलताशा पथक आहे कॅलिफोर्नियात, बे एरियात, आणि पथकाचा ट्रेलर माझ्या रिव्हियन आर-वन-टी या इलेक्ट्रिक पिकअपला लागतो. ट्रेलर डबेबंद, सात फूट उंच, आत ढोल, ताशे, ध्वज, पाण्याचे कॅन. ढोल आतून पोकळच असतात, सगळं मिळून वजन काही फार नाही, ट्रकची ओढायची क्षमता ११,००० पाउंड आहे, त्याच्या निम्मंही नसेल. पहिल्यांदा सॅक्रामेंटोच्या मिरवणुकीला निघालो तेव्हा पथकातली पोरं म्हणाली ताई हलकाच तर आहे, काही फरक पडणार नाही, आणि आय-८० हायवेवर वारा समोरून होता त्या पट्ट्यात रेंज (एका चार्जमधे जाणारं अंतर) निम्म्याच्याही खाली दिसायला लागली. तेच मागे एकदा नर्सरीतून मातीच्या गोण्या भरून उघडा ट्रेलर आणला, वजन खूप जास्त, पण गावातल्या गावात, रेंजला काही ढिम्म नाही.

आता लांबचं. लॉस एंजेलिसला जायचं म्हणजे आय-५ हायवेने खाली साडेतीनशे माइल. चार्जर भरपूर आहेत त्या रस्त्यावर, ती अडचणच नाहीये, अडचण आहे जागेची. चार्जिंग स्टेशन म्हणजे मॉलच्या पार्किंगसारखं, नाक आत घालून उभं राहायचं, मागे वीस फुटांचा ट्रेलर असला की तो रस्त्यावर आडवा. मग काय करायचं तर आधी एका कोपऱ्यात ट्रेलर सोडायचा. चाकांना अडण्या लावा, जॅक खाली करा, साखळ्या काढा, ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) तार काढा, सात पिनांचा प्लग काढा, कुलूप घाला कारण आत हजारो डॉलरचे ढोल आहेत, मग एकाने तिथे उभं राहायचं आणि दुसऱ्याने ट्रक चार्जिंगला न्यायचा. झालं की परत सगळं उलटं. चाळीस मिनिटांचा थांबा तासाच्या वर जातो आणि रात्री अकराला मिरवणूक संपवून दमून परत येताना हे करायला लागलं की जीव मेटाकुटीला येतो.

आरपार जाता येतील अशा जागा हळूहळू येतायत, गॅस पंपासारख्या एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. पायलट आणि फ्लाइंग-जे च्या ट्रक स्टॉपवर जीएम आणि ईव्हीगो या चार्जिंग कंपनीने मिळून जी स्टेशनं टाकलीत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी अशी जागा आहे. निघायच्या आधी प्लगशेअर ॲपवर लोकांनी टाकलेले फोटो बघायचे, आकडे नाही, फोटो. ट्रेलर मावतो का ते फोटोतच कळतं.

तरी मी ट्रक बदलणार नाही हां. मधल्या आडव्या बोगद्यासारख्या कप्प्यात ताशे बसतात, सराव संपल्यावर पार्किंगमधे दिवे लावायला वीज ट्रकमधून, आणि बाकीचा पूर्ण आठवडा मी घरच्या चार्जिंगवर ऑफिसला जाते.

केटीकर
बापरे, दोन्ही प्रतिसाद सोन्यासारखे. ताई, टेस्लाच्या सुपरचार्जरचं कसं? लायटनिंगला ॲडाप्टर मिळतो म्हणे.

ढोलताशा_फ्रीमाँट
मिळतो, फोर्डवाल्यांना २०२४ च्या फेब्रुवारी अखेरीपासून सुपरचार्जर उघडले, रिव्हियनला त्यानंतर लगेच मार्चमधे. पण टेस्लाचं चार्जिंगचं तोंड मागे डावीकडे आणि आपलं पुढे डावीकडे, जुन्या खांबांची केबल आखूड, त्यामुळे शेजारच्या जागेत तिरकं घुसायला लागतं आणि दोन जागा अडतात. नवीन खांबांची केबल लांब आहे, तिथे त्रास नाही.

गारठा
माझं एका ओळीचं उत्तर फार तुटक झालं, नीट लिहितो. मी बांधकामाची छोटी यंत्रं भाड्याने देतो, म्हणजे मिनी एक्स्कॅव्हेटर, स्किड स्टिअर. ग्राहक एडमंटनलाही असतात, तीनशे किलोमीटर, मधे रेड डियर हे गाव. जानेवारीत उणे तीस असताना मागे साडेतीन टनांचं यंत्र घेऊन मी निघतो तेव्हा वेळ पाळायचीच असते, समोर क्रू ताशी पैशावर उभा असतो. थंडीत बॅटरी नीट गरम झाल्याशिवाय फास्ट चार्ज घेत नाही, केबिनला उष्णता लागते, हवाही जड असते, वर ट्रेलर. रेड डियरला थांबावं तर लागेलच, कदाचित त्याच्या आधीही. गॅसवाल्याला इंजिनची वाया जाणारी उष्णता केबिनला फुकट मिळते, इलेक्ट्रिकला ती बॅटरीतूनच काढावी लागते. मी इलेक्ट्रिकच्या विरोधात नाही, बायकोची गाडी इलेक्ट्रिकच आहे आणि आम्ही खूश आहोत. पण ज्यांची रोजीरोटी हिवाळ्यात लांब ट्रेलर ओढण्यावर आहे त्यांना हे घ्या म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नाही.

गिअरबॉक्स
गारठा, तुमच्या कामासाठी शंभर टक्के सहमत. मिशिगनच्या थंडीतही रेंज चांगलीच पडते. लायटनिंगला हीट पंप (कमी विजेत केबिन गरम करणारा) २०२४ च्या मॉडेलपासून आला, केटीकर बघतायत त्या २०२३ मधे नाहीये. पण ह्यूस्टनला त्याने काय फरक पडतोय, त्यांना उन्हाळ्याचा एसी महत्त्वाचा आणि तो तुलनेने फार कमी खातो.

घाटवाट
डेन्व्हरहून. डोंगरातलं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचा छोटा कॅम्पर आहे आणि आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे ११,१५८ फुटांपर्यंत चढायचं असतं, डेन्व्हर ५,२८० वर. माझ्या आधीच्या गॅस ट्रकला विरळ हवेत दम लागायचा, टर्बो नसलेलं इंजिन प्रत्येक हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, कॅम्पर घेऊन उजव्या लेनमधे ट्रकांच्या मागे चाळीसने. इलेक्ट्रिकला हवेची गरजच नाही, चढावर वेग तसाच. बॅटरीचा काटा मात्र डोळ्यादेखत खाली येतो, पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण बोगदा ओलांडून डिलनकडे उतरायला लागलं की परत वर यायला लागतो.

आणि उतार, तो तर वेगळाच अनुभव. ब्रेक तापल्याचा वास नाही, खालचा गिअर टाकून इंजिनाचा आक्रोश नाही, ट्रक आणि ट्रेलर दोन्ही मोटरच धरून ठेवते. ज्याने कधी सहा-सात टक्क्यांच्या उतारावर मागचा ट्रेलर ढकलतोय असं अनुभवलंय त्याला ह्याची किंमत कळेल. एक लक्षात ठेवा, बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत भरायला जागाच नसते, त्यामुळे उंचावरच्या गावातून निघताना पूर्ण भरून निघू नका. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, मोटरच्या भरवशावर ते टाळायचे नाहीत.

चाकणचा_छोटा_हत्ती
अमेरिकेतला धागा आहे पण राहवलं नाही. आमची चाकण-भोसरी पट्ट्यात सुट्या भागांची वाहतूक आहे, त्यात टाटा एस ईव्ही चालवतो. २१.३ युनिटांची बॅटरी, कंपनीचा आकडा १५४ किलोमीटर, भाराला ६०० किलो. तुमच्या ट्रकपुढे खेळणं वाटेल. पण गिअरबॉक्स साहेबांनी जे म्हटलंय तेच इथेही खरं आहे, गाडी ठरलेल्या फेऱ्या मारते, दुपारी कंपनीच्या गेटवर माल उतरवायला तास-दीड तास रांगेत असतोच, परत गोडाऊनला आली की जेवणाच्या सुट्टीत थोडं चार्ज आणि रात्री पूर्ण. ड्रायव्हर लोक आधी नाखूश होते, आता क्लच नाही म्हणून दुसऱ्या गाडीवर बसायला तयार नाहीत. पण कुणी म्हणालं कोल्हापूरचं भाडं आहे, तर ही गाडी पाठवत नाही, डिझेलचा पिकअप पाठवतो. दोन्ही ठेवल्यात.

वायरमन
न्यू जर्सीहून, इलेक्ट्रिशियन लायसन्स आहे माझ्याकडे. केटीकर, घरच्या चार्जरबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण ट्रक चुकला तर विकता येतो, वायरिंग चुकलं तर घर जळतं.

फोर्डचा मोठा चार्जर ८० अँपिअरचा, म्हणजे २४० व्होल्टला १९.२ किलोवॉट. ऐकायला मस्त. पण चार्जिंग हा सलग चालणारा भार धरतात, त्यामुळे ब्रेकर सव्वापट लागतो, ८० ला १०० अँपिअरचा ब्रेकर. टेक्सासमधे पाच टनांचा एसी, इलेक्ट्रिक ड्रायर, ओव्हन असलेल्या घरात २०० अँपिअरच्या पॅनलवर हे बहुतेक वेळा बसत नाही, पॅनल किंवा सर्व्हिस वाढवायला लागते आणि त्याचा खर्च चार्जरच्या कितीतरी पट. तुम्हाला त्याची गरज नाहीये. ४८ अँपिअरचा घ्या, ६० चा ब्रेकर, थेट वायर जोडलेला. ११.५ किलोवॉट मिळतात. तुमचे सत्तर माइल, ट्रेलर धरूनही, समजा साठ युनिट झाले, पाच-सहा तासांत भरतात. पूर्ण रिकामी बॅटरी भरायला तेरा तास लागतात पण ती रोज कोण रिकामी करतंय.

सॉकेटवाला चार्जर घ्यायचाच असेल तर भिंतीतलं १४-५० सॉकेट (२४० व्होल्ट, ५० अँपिअरचं) औद्योगिक दर्जाचं घ्या. दुकानात स्वस्तात मिळतं ते ड्रायर, इलेक्ट्रिक शेगडीसाठी ठीक आहे, रात्रभर ४० अँपिअर ओढायला नाही, मी वितळलेली सॉकेटं स्वतः काढलीत. परमिट काढा, भार मोजून घ्या. आणि चार्जर बसवण्यावरची केंद्राची करसवलत फक्त ३० जून २०२६ पर्यंत बसवलेल्यांना आहे, तीही ठरावीक भागांत, तुमचा भाग बसतो का बघून घ्या. गाडीवरची ७,५०० ची आणि वापरलेल्या गाडीवरची ४,००० ची सवलत ३० सप्टेंबर २०२५ लाच संपली.

वडापाव_अटलांटा
अहो वायरमन भाऊ, मलाही एक विचारायचंय, आधी माझं सांगते. आमचा वडापाव आणि मिसळीचा फूड ट्रेलर आहे, शनिवार-रविवार मेळावे, मंडळाचे कार्यक्रम, शाळांचे कार्निव्हल. दोन वर्षांपासून लायटनिंग आहे. अंतर तीस-चाळीस माइल, त्यामुळे रेंजची मला कधीच चिंता नसते. मी तो घेतला विजेसाठी. तळण गॅस सिलिंडरवर, पण फ्रीज, डीप फ्रीजर, पंखा, दिवे, मिक्सर, पैसे घ्यायचं मशीन हे सगळं ट्रकवर चालतं. सरासरी दीड-दोन किलोवॉट लागतात, आठ तास धरले तर चौदा-पंधरा युनिट, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा. आधी जनरेटर होता, त्याचा आवाज असा की गिऱ्हाइकाची ऑर्डर ऐकू यायची नाही, धूर मागच्या स्टॉलवर जायचा, भांडणं व्हायची. आता आयोजक स्वतः आम्हाला चांगली जागा देतात कारण आवाज नाही. माझ्यासारख्या धंद्याला ह्या ट्रकने जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही ट्रकने केलं नसतं, हे मी कुणालाही सांगेन.

प्रश्न असा की ट्रकच्या बेडमधल्या (मागच्या उघड्या हौद्यातल्या) २४० व्होल्टच्या प्लगवरून ट्रेलरच्या पॅनलला वीज दिली की मधेच ट्रिप होतं. १२० च्या प्लगांवर वेगवेगळ्या वायरी टाकल्या तर होत नाही.

वायरमन
ताई, हे बऱ्याच जणांना होतं. ट्रकच्या आत न्यूट्रल आणि अर्थ आधीच एकत्र जोडलेले आहेत. तुमच्या ट्रेलरच्या पॅनलमधेही ते जोडलेले असतील तर परतीचा प्रवाह दोन वाटांनी विभागला जातो, ट्रकच्या गळती-संरक्षणाला वाटतं वीज कुठेतरी गळतेय आणि ते तोडतं. म्हणजे ट्रक त्याचं काम बरोबर करतोय. ट्रेलर बनवणाऱ्याकडून किंवा इलेक्ट्रिशियनकडून पॅनलमधला तो जोड तपासून घ्या, बाहेरून वीज घेणाऱ्या ट्रेलरच्या पॅनलमधे न्यूट्रल आणि अर्थ वेगळे असायला हवेत. स्वतः उघडू नका. आणि तो २४० चा प्लग ३० अँपिअरचा आहे, ७.२ किलोवॉट, ९.६ चा जो आकडा सांगतात तो पुढच्या बॉनेटखालच्या कप्प्यातले, म्हणजे फ्रंकमधले, प्लग धरून.

हेच घराबद्दल. वीज गेली म्हणून ट्रकची वायर घरच्या सॉकेटात उलटी घालायची नाही, कधीच नाही. बाहेर तारेवर काम करणारा माणूस मरू शकतो. इंटरलॉक किंवा ट्रान्स्फर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या तारेपासून तोडून मगच ट्रकला जोडणारी सोय, बसवून घ्या.

केटीकर
वायरमन, घराचा विषय काढलात तर सांगतो, बेरिल वादळात, जुलै २०२४ मधे, ह्यूस्टन भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, आमचीही. त्या उकाड्यात आईवडील भारतातून आलेले, वडिलांचं इन्सुलिन फ्रीजमधे. शेजाऱ्याने त्याच्या लायटनिंगवरून एक्स्टेन्शन टाकून आमचा फ्रीज आणि एक खिडकीचा एसी चालवला. हा ट्रक डोक्यात बसला तो तेव्हापासून. माझ्या बायकोसाठी तर निर्णय तिथेच झालाय, मीच टोइंगच्या प्रश्नावर अडलोय.

आता पैशाचं विचारतो. घरी चार्ज केलं तर स्वस्त हे कळतंय. रस्त्यात?

गिअरबॉक्स
रस्त्यात महाग, आणि ट्रेलरसकट तर गॅसपेक्षा महाग. समजा घरी १४ सेंट युनिट आणि रिकामा ट्रक युनिटला दोन माइल, म्हणजे माइलला ७ सेंट. गॅस पावणेतीन डॉलर आणि सतराचं ॲव्हरेज धरलं तर माइलला १६ सेंट. इथे इलेक्ट्रिक निम्म्याहून स्वस्त, आणि टेक्सासमधे रात्री फुकट वीज देणारे प्लॅन असतात, तुमच्या भागात तुम्ही कंपनी निवडू शकता, त्यात अजून कमी होईल. आता ट्रेलर लावून हायवेवर: फास्ट चार्जर ५५ सेंट युनिट आणि युनिटला १.१ माइल, म्हणजे माइलला ५० सेंट. गॅस ट्रक दहाच्या ॲव्हरेजने २७-२८ सेंट. म्हणून म्हणतो, महिन्यातले बहुतेक माइल घरच्या विजेवर होत असतील तरच हे गणित बसतं. तुमचे बसतायत. टेक्सासची दरवर्षीची २०० डॉलरची इलेक्ट्रिक गाडीची जादा नोंदणी फी पण धरा.

टॅक्सचं तुमच्या सीपीएला (इथला सीए) विचारा, भारासकट कमाल वजनाचं रेटिंग ६,००० पाउंडांच्या वर असलेला ट्रक आणि धंद्यासाठी वापर, १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा परत आलाय आणि वापरलेल्या गाडीलाही तो लागू होतो.

गारठा
केटीकर, एक ठेकेदार म्हणून सुचवतो, सॅन अँटोनिओला ट्रेलर नेताच कशाला? तिथल्या लाकूडवाल्याकडून माल थेट साइटवर मागवा. डिलिव्हरीचे जे पैसे लागतील ते तुमच्या दोन माणसांच्या थांबलेल्या वेळापेक्षा कमीच असतील. तुम्ही हत्यारं बेडमधे टाकून नुसता ट्रक घेऊन जा, रिकाम्या ट्रकला १७० माइल एका दमात होतात, रात्री लेव्हल टू (घरच्यासारखा २४० व्होल्टचा) चार्जर असलेलं हॉटेल बघून राहा. मग तुमच्या कामात लांबचा ट्रेलर उरतच नाही. डिझेलवाला असून सांगतोय, तुमच्या कामाला हा ट्रक बसतो.

केटीकर
गारठा, हे डोक्यात आलंच नव्हतं, बिल्डरशी आजच बोललो, तो म्हणतो त्याच्या खात्यावर माल येतोच, आमचा पण टाकेल. मोठा प्रश्न सुटला.

राहता राहिला सुट्या भागांचा, मॉडेल बंद झालं तर?

गिअरबॉक्स
बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख माइलची वॉरंटी आहे, ती मॉडेल बंद झालं म्हणून जात नाही. बॉडी, काचा, सस्पेन्शनचं बरंच काही नेहमीच्या एफ-१५० सारखंच आहे. फोर्ड पुढचा लायटनिंग जनरेटरवाला करणार म्हणतंय, रॅमनेही सप्टेंबर २०२५ मधे पूर्ण इलेक्ट्रिक १५०० रद्द करून ९२ युनिटांची बॅटरी अधिक व्ही-सिक्स जनरेटर हा मार्ग धरलाय. गारठांसारख्यांसाठी ते उत्तर असू शकतं, चाकं मोटरवर, लांब जायचं तर जनरेटर. पण तुम्हाला ट्रक यंदा हवाय आणि तुमच्या कामाला जनरेटर लागत नाही.

केटीकर
ठीक, शनिवारी एक बघायला जातोय. काय काय तपासू?

गिअरबॉक्स
सगळ्यात आधी मॅक्स ट्रेलर टो पॅकेज आहे का. मोठ्या बॅटरीला ते असेल तर १०,००० पाउंड, नसेल तर ७,७००. तुमच्या ५,००० ला दोन्ही चालेल पण ट्रेलर ब्रेक कंट्रोलर आतच असलेला बरा. मग ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं पिवळं स्टिकर वाचा, प्रवासी आणि सामान मिळून किती पाउंड ते त्या ट्रकचं खरं उत्तर. मोठी बॅटरी जड असल्यामुळे हा आकडा लहान बॅटरीच्या ट्रकपेक्षा कमी असतो. ट्रेलरच्या दांड्याचं वजन, भरलेल्या ट्रेलरच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे तुमचं ५०० ते ७५०, हेही त्यातूनच वजा होतं. त्यात तुम्ही, मेहुणे, अजून एक माणूस, हत्यारांची पेटी, पोस्ट होल ऑगर (खांबांचे खड्डे करायचं यंत्र). ट्रेलर लावून बेडमधे पुन्हा गोण्या टाकायची सवय असेल तर ती सोडावी लागेल.

टायर बघा, साडेसहा हजार पाउंडांचा ट्रक आणि असा टॉर्क, टायर लवकर जातात, नवीन चार लागणार असतील तर किमतीत कापून घ्या.

वायरमन
बेडमधला २४० चा प्लग आहे का तेही बघा, खालच्या मॉडेलांत फक्त २.४ किलोवॉटवाला असतो. सोबत ड्रिल नाही, चांगला भार न्या, करवत किंवा कॉम्प्रेसर, आणि प्रत्येक प्लगवर चालवून बघा. फ्रंकमधले चारही.

ढोलताशा_फ्रीमाँट
आणि फास्ट चार्जरवर नेऊन दहा मिनिटं लावा, विकणाऱ्याने नाही म्हटलं तर सोडून द्या. टेस्लाचा ॲडाप्टर आणि मोबाइल चार्जरची केबल किमतीत येते का विचारा, बरेच विकणारे त्या काढून ठेवतात आणि वेगळ्या विकतात.